डोळ्यांवरची पट्टी सोडा, सोबत चाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ डिसेंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन, जवळ आला की पुण्यातल्या शाळा-महाविद्यालयांत, हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत, हल्ली तर काही सोसायट्यांतही एक ठरावीक कार्यक्रम होतो. डोळ्यांवर काळी पट्टी बांधायची, हातात पांढरी काठी द्यायची आणि व्हरांड्यातून दहा मिनिटे चालायला लावायचे. शेजारी भाड्याने आणलेली व्हीलचेअर असते. तिच्यात बसून एक फेरी. मग अनुभवकथन, फोटो, चहा. हेतू चांगला असतो, त्याबद्दल वाद नाही. पण रस्ते, इमारती आणि कार्यालये दिव्यांगांना वापरता येतात का, हे तपासण्याचे काम करणाऱ्या आम्हा मंडळींचे स्पष्ट मत आहे की हा कार्यक्रम बंद करावा. त्यातून दुसऱ्याचे जगणे कळत नाही, कळल्याचा भास तेवढा होतो. आणि शहरातले निम्मे चुकलेले रॅम्प व टाइल्स याच भासातून आलेले आहेत.

दहा मिनिटांच्या पट्टीत कळतात ती आंधळेपणाची पहिली दहा मिनिटे. काठी वापरून वर्षानुवर्षे हिंडणाऱ्या माणसाचे चालणे त्याहून अगदी वेगळे असते. तो काठी खांद्याइतक्या रुंदीत डावी-उजवीकडे फिरवतो. डावा पाय पुढे तेव्हा काठी उजवीकडे. भिंत संपून गल्लीचे तोंड आले की आवाजाचा पोत बदलतो, ते त्याला कळते. अमृततुल्यचा वास, पिठाच्या गिरणीचा आवाज, चेंबरच्या झाकणावर काठीचा होणारा ठणका या त्याच्या पाट्या. रस्ता ओलांडताना तो आपल्याला समांतर जाणारी वाहने कधी सुटली हे ऐकतो आणि त्यांच्या जोडीने निघतो. पट्टी बांधलेल्याला यातले काहीच येत नसते. त्याच्या हाती लागते ती भीती. एरिएल सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे प्रयोगाने तपासले आहे: पट्टी बांधून पाहिलेल्या लोकांनी नंतर अंध व्यक्तींची नोकरी करण्याची आणि स्वतंत्र राहण्याची क्षमता कमी लेखली. म्हणजे सकाळी पट्टी बांधून हळहळलेला व्यवस्थापक दुपारी मुलाखतीत अंध उमेदवाराला अधिकच कमी समजण्याची शक्यता असते!

व्हीलचेअरचेही तेच. कार्यक्रमाला येते ती दवाखान्यातली, अठरा-वीस किलोची, कुणीतरी मागून ढकलायची खुर्ची. रोज स्वतः चाके फिरवणाऱ्याची खुर्ची त्याच्या मापाची आणि हलकी असते, आणि तीन इंचांचा उंचवटा पुढची चाके उचलून पार करायला तो शिकलेला असतो. उलट, जी अडचण त्याला रोज छळते, म्हणजे बाहेर पडल्यापासून घरी येईपर्यंत शौचालय मिळेल की नाही म्हणून सकाळपासून पाणीच कमी प्यायचे, ती एका फेरीत कशी उमगणार?

‘स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा’ हा सल्ला आपण लहानपणापासून ऐकतो. २०१८ मध्ये ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली यांनी २५ प्रयोगांत हा सल्ला तपासून पाहिला. समोरच्याच्या मनात काय आहे याची कल्पना करायला सांगितलेल्या लोकांचे अंदाज त्यामुळे जास्त बरोबर येत नव्हते. अंदाज सुधारले ते समोरच्याशी बोलून, त्याला विचारून घेतल्यावर. दुसऱ्याच्या जागी जाताना माणूस स्वतःचे डोके बरोबर घेऊन जातो, त्याला काय करणार?

तेव्हा विचारावे. पण विचारण्यालाही रीत आहे, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

पहिली चूक म्हणजे सभागृहात बैठक बोलावणे. दिव्यांग प्रतिनिधींना पुष्पगुच्छ द्यायचा आणि ‘तुम्हाला काय अडचणी आहेत?’ असे विचारायचे. उत्तर येते, ‘रॅम्प हवा’ किंवा ‘चाललंय तसं बरं.’ अडचण रोजची झाली की तिला अडचण म्हणायचे माणूस विसरतो. त्याऐवजी एका ठरावीक दिवसाचे विचारावे: ‘परवा बँकेत गेलात, तर घरातून निघाल्यापासून काय काय केलंत?’ रिक्षा कुठे थांबवली, का तिथेच, पायऱ्या किती, काउंटरवर कोण बोलले, सही कुठे केली. तासाभरात वीस गोष्टी निघतात. आणि एक प्रश्न कधीही सोडू नये: ‘कुठे जायचं तुम्ही सोडून दिलंत?’ दुकानदार हमखास सांगतात, ‘आमच्याकडे व्हीलचेअरवालं कुणी येतच नाही.’ दाराशी तीन पायऱ्या असताना येणार कोण?

दुसरी चूक म्हणजे एकाच माणसाला विचारून सगळ्यांचे उत्तर मिळाले असे धरणे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ आहेत, आणि या सगळ्यांच्या गरजा एका दिशेने जात नाहीत. काही तर थेट एकमेकांच्या आड येतात. फुटपाथची कड घ्या. व्हीलचेअरला कड नको, रस्त्याशी सपाट उतार हवा. काठीवाल्याला मात्र तीच कड हवी. फुटपाथ संपला आणि रस्ता सुरू झाला हे त्याला तिच्यावरून कळते. कड सपाट केली की तो बेसावध रस्त्यात उतरतो. म्हणून उताराच्या पूर्ण रुंदीला, अलीकडे ३०० मिमीवर, ठिपक्यांच्या टाइल्सची पट्टी लागते. कुबड्या किंवा कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) वापरणाऱ्यांपैकी अनेकांना लांबलचक रॅम्पपेक्षा दोन्ही बाजूंना कठडा असलेल्या बुटक्या पायऱ्या सोप्या जातात. उतारावर कुबडी घसरते. म्हणून पायऱ्या तोडून तिथे रॅम्प करू नये, शेजारी करावा.

अंशतः दृष्टी असलेल्यांचे तर फारच हाल. रेटिनायटिस पिगमेंटोसा असलेल्या माणसाला नळीतून पाहावे तसे समोरचे बरोबर दिसते, बाजूचे दिसत नाही, आणि संध्याकाळ झाली की आणखी कमी. तो बसमध्ये फोन वाचतो आणि उतरल्यावर खांबाला धडकतो. लोक म्हणतात, नाटक करतोय. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग खराब झालेल्या आजींचे नेमके उलटे: चालताना अडखळत नाहीत, पण समोर आलेल्या बसचा नंबर वाचता येत नाही आणि ओळखीचा चेहरा ओळखत नाहीत, मग शेजारीण रुसते. यांतल्या अनेकांना ब्रेल लागत नाही. त्यांना पायरीच्या कडेला गडद रंगाची ५० मिमीची पट्टी हवी, काचेच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला ठळक खूण हवी आणि अक्षरे मोठी हवीत. खर्च म्हणाल तर रंगाचा एक डबा.

आता पिवळ्या टाइल्सबद्दल. या टाइल्स जपानच्या सेइइची मियाके यांनी दृष्टी जात चाललेल्या मित्रासाठी तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. त्यात दोनच अक्षरे आहेत असे समजा. उभ्या पट्ट्यांची टाइल म्हणजे ‘चल’ आणि ठिपक्यांची म्हणजे ‘थांब, पुढे काहीतरी आहे’: पायरी, वळण, रस्ता, दार. पट्ट्या चालण्याच्या दिशेला समांतरच हव्यात. ठेकेदाराकडे पट्ट्यांच्या टाइल्स संपल्या म्हणून मध्येच चार ठिपक्यांच्या लावल्या, तर काठीवाला तिथे थांबून धोका शोधत बसतो. टाइल्सच्या रेषेत झाड, डीपी बॉक्स किंवा खांब आला, तर रेषा त्याला वळसा घालून न्यावी लागते आणि वळणावर ठिपके लावावे लागतात. रेषा थेट झाडात नेऊन पलीकडून पुन्हा सुरू करायची नसते. रेषेच्या दोन्ही बाजूंना निदान ६०० मिमी जागा मोकळी हवी. तिथे दुचाकी लागली की सगळे वाया. रंगही सजावटीसाठी नसतो. करड्या फरशीत करड्याच टाइल्स बसवल्या तर थोडे दिसणाऱ्यांना त्यांचा काहीच उपयोग होत नाही, आणि पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटच्या असतील तर पावसात घसरायला आमंत्रणच.

आणि काठीला कळते ते जमिनीवरचे. कमरेच्या वरचे कळत नाही. उघडे राहिलेले मीटरबॉक्सचे दार, एसीचा बाहेर आलेला डबा, लोंबणारी केबल, झुकलेला फ्लेक्स हे सगळे थेट कपाळावर येते. डोक्यावर निदान २.२ मीटर मोकळे हवे. गणेशोत्सवात हा प्रश्न दहापट होतो. पेठांतल्या अंध माणसाच्या डोक्यात रस्त्याचा नकाशा पावलांनी मोजलेला असतो. मांडवाचे वासे आणि कमानी उभ्या राहिल्या की एका रात्रीत तो नकाशा पुसला जातो. मंडळांनी दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल: मांडवाच्या आडव्या बांबूंखाली, जिथे माणसे चालतात तिथे, जमिनीलगत दुसरा बांबू बांधावा, म्हणजे काठी आधी त्याला लागेल, आणि मांडव कुठून कुठपर्यंत आहे व पायी वाट कोणत्या बाजूने, हे चार ओळींत लिहून व्हॉट्सअॅपवर पाठवावे. लिहून, पोस्टरवर नव्हे; कारण पुढे येईलच.

रॅम्पचे गणित सोपे आहे, तरी तेच सर्वांत जास्त चुकते. प्रमाण एकास बारा: उंची जितकी, त्याच्या बारा पट लांबी. १५० मिमीच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५० मिमी उंची, म्हणजे रॅम्प ५.४ मीटर, जवळजवळ १८ फूट. प्रत्यक्षात दुकानापुढे सहा फुटांचा चेकर्ड पत्रा टाकलेला दिसतो, म्हणजे एकास चार. त्यावरून खुर्ची वर चढवायला दोन माणसे लागतात आणि उतरताना बसलेला पुढे फेकला जातो. जागाच नसेल तर खोटा रॅम्प करू नये. सरळ घंटा लावावी आणि काउंटर बाहेर आणावा. वरच्या टोकाला १.५ मीटर लांब आणि तितकीच रुंद सपाट जागा हवी, नाहीतर बाहेर उघडणारे दार ओढताना खुर्ची मागे घरंगळते. कठडा दोन उंचींवर, ७६० आणि ९०० मिमी. आणि खालच्या टोकाला गटाराची जाळी असेल तर तिच्या फटी १३ मिमीहून मोठ्या नकोत, सळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. नाहीतर पुढचे छोटे चाक फटीत अडकते आणि माणूस तोंडावर पडतो.

तपासायला अभियंता लागत नाही. ६० सेंटिमीटरची सरळ पट्टी घ्या, तिचे वरचे टोक रॅम्पवर टेकवा, पाणसळीने किंवा फोनमधल्या पाणसळीने पट्टी सपाट करा आणि खालच्या टोकाखालची फट मोजा. ५ सेंटिमीटर किंवा कमी असेल तर रॅम्प पास.

पुण्याची एक गोष्ट आराखडे करणाऱ्यांच्या ध्यानात अजिबात येत नाही. दिव्यांग म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे मोटारीतून उतरणारी व्हीलचेअर येते, म्हणून ३.६ मीटर रुंदीची मोटारीची राखीव जागा आखतात. पण हे दुचाकींचे शहर आहे. इथला पोलिओ झालेला माणूस साइड व्हील लावलेल्या स्कूटरवर येतो. ती मीटरभर रुंद असते, इतर गाड्यांच्या दाटीत घुसत नाही आणि शेजारी कुबडी टेकवून उतरायला आणखी मीटरभर जागा लागते. पे अँड पार्कवाला तिला टोकाला पाठवतो आणि दारापाशी राखीव मोटारीच्या जागेत सिक्युरिटीवाल्याची खुर्ची असते. दाराजवळ दोन मीटर रुंद, सपाट जागा आखून त्यावर स्कूटरचे चित्र काढले की काम झाले. हे उत्तर कुठल्याही कल्पनाशक्तीतून निघालेले नाही, स्कूटरवाल्याला विचारल्यावर निघालेले आहे.

दिव्यांगांसाठीच्या शौचालयांवर स्वतंत्र पत्रच लिहावे लागेल. इथे दोनच गोष्टी. दार आत उघडणारे असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच अंगाने दार अडते. म्हणून ते बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. आणि टॉवेलचा दांडा म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. पूर्ण वजन टाकल्यावर टाइलसकट उखडतो. (त्या खोलीत बादल्या, झाडू आणि जुने फलक ठेवून कुलूप लावण्याची प्रथा तर सर्वत्र आहेच.)

कर्णबधिरांबाबत ‘लिहून दिले की झाले’ असे समजतात. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा. तिची वाक्यरचना वेगळी आहे आणि मराठी त्यांना शाळेत शिकलेली दुसरी भाषा. ‘कृपया संबंधित विभागाशी कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा’ हे, खरे तर, ऐकू येणाऱ्यालाही धड कळत नाही. ‘खोली ४. सोमवार. सकाळी ११. आधार कार्ड आणा’ असे लिहावे. बोलताना खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये. चेहऱ्यावर अंधार येतो आणि ओठ दिसत नाहीत. दुभाषी असेल तर त्याच्याकडे नव्हे, त्या माणसाकडे पाहून बोलावे.

हे शेवटचे सगळ्यांनाच लागू आहे. औषधाच्या दुकानात व्हीलचेअरवरच्या बाई स्वतः औषध मागतात, पैसे स्वतः देतात, आणि दुकानदार मागे उभ्या भाच्याला विचारतो, ‘यांना पावती द्यायची का?’ पन्नाशीच्या अंध गृहस्थांना अनोळखी पोरगा ‘ये रे, इकडे बस’ म्हणतो. मदत करायची तर आधी विचारावे, ‘हात देऊ का?’ हो म्हणाले तर आपले कोपर पुढे करावे, त्यांना ते धरू द्यावे. त्यांचा दंड पकडून ढकलू नये. ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘ते बघा तिथे’ हे शब्द फुकट आहेत. ‘तुमच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर खुर्ची, पाठ तुमच्याकडे’ असे सांगावे.

आता या डिसेंबरात काय करावे, ते सांगतो. चार-पाच जणांना बोलवा: काठी वापरणारी एक व्यक्ती, कमी दिसणारी एक, व्हीलचेअरवरची एक, कुबडी किंवा साइड व्हीलवाली एक, सांकेतिक भाषा बोलणारी एक दुभाष्यासह. आजवर त्यांना फुकट बोलावून शाल-श्रीफळ देण्याची रीत आहे. ती सोडा आणि सल्लागाराला देतो तसे मानधन द्या, शिवाय दोन्ही वेळचे रिक्षाभाडे. वेळ दोन तास, मध्ये विश्रांती. अंतर अर्धा किलोमीटरपेक्षा जास्त ठेवू नका. खराखुरा एक रस्ता घ्या: मंडई मेट्रो स्थानकाच्या फलाटापासून तुळशीबागेपर्यंत, किंवा तुमच्याच कार्यालयाच्या बसथांब्यापासून तुमच्या स्वागतकक्षापर्यंत. पाच मीटरची टेप, फोन आणि कागद बरोबर घ्या. यजमानांनी फक्त चालायचे, लिहायचे आणि विचारायचे: ‘आता काय ऐकलंत? इथे का थांबलात?’ सुचवायचे नाही. सिग्नल लागला तर सेकंद मोजा. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला तर २४ मीटर रुंद रस्त्याला २० सेकंद लागतात, ०.८ मीटरने चालणाऱ्या आजोबांना ३०. राहिलेले दहा सेकंद ते रस्त्यातच असतात. शेवटी त्याच लोकांना बसवून तीन गोष्टी निवडायला सांगा, ज्या महिन्यात दुरुस्त होतील. आणि महिन्याने त्यांनाच पुन्हा बोलवा. दुरुस्तीचा फोटो पाठवून भागवू नका, कारण फोटोत रॅम्प नेहमी चांगलाच दिसतो.

कायद्याबद्दल थोडेच. २०१६ च्या कायद्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याजोग्या, करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सुगम्यतेचे किमान निकष हे ऐच्छिक मार्गदर्शन नसून बंधनकारकच असले पाहिजेत. पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्याला पन्नास हजार ते पाच लाख. महापालिकेचे स्वतःचे पादचारी धोरण २०१६ पासून आहे आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. तक्रार करायला लांब जावे लागत नाही.

आपले,
सुगम्यता तपासणीचे काम करणारे काही पुणेकर

ता. क. : मांडवाची वाट ‘लिहून’ पाठवा असे वर म्हटले त्याचे कारण हे. अंध वाचक फोनमधल्या वाचक-सॉफ्टवेअरने मजकूर ऐकतात. पोस्टरच्या चित्रातली अक्षरे ते नीट वाचत नाही, स्कॅन केलेल्या परिपत्रकापाशी गप्प होते आणि युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली पीडीएफ उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरे बडबडू लागते. तेव्हा हे पत्र छापलेत तर संकेतस्थळावर ते कात्रणाचे चित्र म्हणून न टाकता मजकूर म्हणून टाकावे, ही विनंती. आमच्यापैकी दोघांना ते तिथेच वाचता येणार आहे.